मस्टँगला गार हवा

३ मार्च

आज पुन्हा ह्यांचं ‘तुम्ही कोण?’ डबा उघडून शिरा दिला, तर ‘थँक्यू हं, बाई’ म्हणाले. बाई! इतक्या वर्षांच्या बायकोला! केअर होमच्या कार पार्कमध्ये बसून रडले. मग स्वतःचाच राग आला.

५ मार्च

गॅरेज उघडलं. ह्यांची एकोणसत्तर सालची मस्टँग, चादरीखाली. अमेरिकन गाडी, इथे इंग्लंडातही स्टिअरिंग डावीकडे. हौस ह्यांची, पण चालवायची मी — दिवसभर पेशंटना भूल देऊन डॉक्टरसाहेब दमलेले असायचे. मी हॉस्पिटलला न्यायला गेले की आवाज ऐकूनच कोट चढवून बाहेर यायचे. हॉर्न कधी वाजवावा लागला नाही.

फळीवर खोकं सापडलं. कोल्ड एअर इंडक्शनचं किट! निवृत्तीनंतर बसवणार होते. ‘अगं अलका, बिचारी इंजिनाचीच गरम हवा ओढते. बाहेरची गार हवा मिळू दे, मग बघ कशी पळते!’ मग हा आजारच आला.

मी बसवणार. ह्यांच्या मनासारखी करून गाडी दारात उभी केली, तर कदाचित मला ओळखतील. एकदा ओळखू देत, बस्स.

१० मार्च

राजीव आला. ह्यांच्या मित्राचा मुलगा — नोकरी आयटीत, जीव गाड्यांत. इंजिनावरचं जुनं गोल फिल्टर झाकणासकट काढलं. त्याजागी नवा बंद डबा, त्यातून जाड पाइप थेट पुढच्या जाळीमागे. पाइप बसेना. मी हेअर ड्रायरने गरम केला — बसला! ‘काकू, यू आर अ नॅचरल!’ चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. जुनं फिल्टर टिपला, कचरा डेपोत, टाकून ये म्हटलं.

संध्याकाळी मेडनहेड गावभर चक्कर मारली. काय डरकाळी! हे शेजारी हवे होते. फार हवे होते.

१२ मार्च

बट्ट्याबोळ.

केअर होमच्या दारात गाडी रेस केली. हे खिडकीत होते. कानांवर हात ठेवून आत वळले. मी आत गेले तर म्हणतात, ‘कोण मवाली आलाय बाहेर? आमच्या गाडीचा आवाज कसा घरगुती!’

म्हणजे तो आवाज आहे ह्यांच्या लक्षात! अजून आहे! आणि तोच मी बदलून टाकला.

१३ मार्च

राजीवला फोन. फिल्टर टाकलं का रे?

‘काकू, ओल्ड पार्ट्स कोणी बिन करतं का? माझ्या शेडमध्ये आहे.’

भलं होवो पोराचं!

१७ मार्च

किट काढलं, जुनं चढवलं. ह्यांची हौस पुन्हा खोक्यात ठेवताना जिवावर आलं. पण चावी फिरवली — तीच घरघर.

१९ मार्च

आज गाडी राजीवने आणली. मी आधीच आत, ह्यांच्याजवळ. मला चेहरा बघायचा होता.

घरघर आली. हे ताडकन उठले. ‘बाई, माझा कोट देता का? अलका आली न्यायला.’

दिला. मी पळत बाहेर गेले, राजीवला उतरवलं, स्टिअरिंगवर बसले. केअररचा हात धरून हे आले. शेजारी बसले.

‘किती उशीर गं!’

केअरर दोनदा बोलवायला आली. मी उतरलेच नाही.