पाचोळ्यावरची काठी

४ फेब्रुवारी
झाडं बारीक झाली! हसू की रडू? जंगलाच्या खत घातलेल्या तुकड्यातली निम्मी झाडं गेल्या वर्षीपेक्षा बारीक. पोटभर खाऊन रोडावणारं कुणी मी तरी जन्मात पाहिलं नव्हतं. लंबूने टेप पुन्हा गुंडाळली, मी पुन्हा वाचली. तेच!

लंबू म्हणजे मोजणीतला माझा जोडीदार. दारातून आत येताना रोज डोकं आपटतो. रोज!

६ फेब्रुवारी
शहरातल्या मुख्य कचेरीतून मोठ्या सरांचा फोन. "खत खाऊन झाडं वाळली, असं छापायचं का बाई?"

खरं तर सगळं किती सरळ होतं. या जंगलात ऊन उदंड, पाणी उदंड. मग झाडांची वाढ अडते कशाने? आमचं म्हणणं, स्फुरदाने, म्हणजे फॉस्फरसच्या कमतरतेने. पावसाने धुऊन धुऊन मातीत तो उरलाच नाही. म्हणून जंगलाचे काही तुकडे आखले. निम्म्यांत स्फुरदाचं खत घालतो, निम्मे तसेच. खोड जाडावलं की हवेतला कार्बन लाकडात जाऊन बसला, झाड उभं आहे तोवर तिथेच.

आणि खोडंच बारीक! महिनाअखेर सर येणार. हेच आकडे राहिले तर आमचं हे संशोधन केंद्र बंद. मी शहरात टेबलावर, लंबू त्याच्या जुन्या कॉलेजात शिकवायला. मला नाही जायचं इथून. अजिबात नाही.

९ फेब्रुवारी
आईचा फोन. मावशीने स्थळ आणलंय. कुठलंही स्थळ येवो, आईचा पहिला प्रश्न ठरलेला— उंची किती? मग शिक्षण, मग स्वभाव. वैतागून बोलून गेले, केंद्र बंद पडलं तर येते मुलगा बघायला! आता झाली का पंचाईत.

लंबूला सांगितलं.  त्याने माझ्या चहात दोनदा साखर घातली.

१२ फेब्रुवारी
नवी टेप आणली. तेच रडगाणं.

१५ फेब्रुवारी
सापडलं! सापडलं! सापडलं!

खताच्या तुकड्यात माझी पेन्सिल पडली. शोधायला हात घातला तर मनगटाच्या वर पाचोळ्यात! पळत शेजारच्या बिनखताच्या तुकड्यात गेले. तिथे बोटंही बुडेनात. ओरडले, "लंबू, काठी!"

झाड छातीच्या उंचीवर मोजायचं असतं. खोडांवरच्या रंगाच्या खुणा यंदा शेवाळाने खाल्ल्या, म्हणून आम्ही मापाची काठी बुंध्याशी उभी करून तिच्या टोकाशी टेप लावत होतो. आणि काठी कुठे टेकवत होतो आम्ही दोघं दीडशहाणे? पाचोळ्यावर! खोड वर निमुळतं होत जातं. टेप वर सरकली की माप कमीच येणार! झाडांनी ढिगाने पानं काढली, ढिगाने गाळली, आणि त्याच ढिगावर काठी ठेवून आम्ही त्यांना बारीक म्हणत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा!

लंबू हसता हसता पाचोळ्यातच बसला. मीही बसले. हसताना किती छान दिसतो हा. आजच बरं दिसलं मला!

२१ फेब्रुवारी
पाचोळा सारून, काठी मातीला टेकवून सगळं पुन्हा मोजलं. खोडं जाडावलीत. फार नाही, पण बिनखताच्या झाडांपेक्षा नक्की जास्त. पानांतला कार्बन कुजून बराचसा हवेत परत जाईल, लाकडातला राहील. लंबू म्हणतो, "पानं म्हणजे पगार, खोड म्हणजे शिल्लक." बरं बोलतो कधी कधी.

२६ फेब्रुवारी
सर आले. आधी चूक सांगून टाकली. त्यांनी स्वतः काठी पाचोळ्यात खुपसली, खाली गेलेली बघितली आणि खो खो हसले. "ही चूक लेखात घालाच बाई, पुढचे तरी वाचतील." केंद्र चालू राहणार!! मी लंबूच्या पाठीत धपाटा घातला.

तो मात्र दिवसभर तीच टेप उलगडत-गुंडाळत बसला. संध्याकाळी म्हणाला, "मग ते स्थळ?"

"केंद्र बंद पडलं तर, असं ठरलं होतं."

"आणि चालू राहिलं तर?"

पुढचं इथे लिहायची लाज वाटते.

२८ फेब्रुवारी
आईला सांगितलं— मुलगा ठरला, मीच ठरवला. आईने लगेच विचारलं, "उंची किती?"

म्हटलं, "थांब, पाचोळा सारून मोजते!"