कमान तेवढी राहील

मंठाळ, मंगळवार, संध्याकाळ

नव्या सांस्कृतिक भवनाच्या आत निजामाच्या काळातली आपली दगडी शाळा तशीच राहील, असं मीच घरोघरी सांगितलं होतं. त्या शब्दावर शरणप्पा अण्णांनी शेजारची जागा दिली. आज इंजिनिअर म्हणाला, "बाई, भिंती पोकळ झाल्यात. समोरची कमान तेवढी राहील." नुसती कमान? तिच्यामागं काय, तर काच म्हणे. भिंती दुरुस्त होतात, म्हणून किती विनवलं. त्यानं नकाशा गुंडाळला. उद्यापासून पाडायला लागणार.

अण्णांना जाऊन सगळं सांगितलं.

"अक्का, तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

"न्हाई."

"मग तुमी कामून रडायलाव?"

त्यांनी भांडायला पाहिजे होतं. ते माझ्यासाठी चहा ठेवायला उठले.