बंबाचा पुढचा एक्सल

१४ मार्च, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि दोघी मुली मजेत असाल असं धरून चालते. इथे सगळं ठीक. ऑपरेशननंतर बाबांचे डोळे चांगले चालतात, कान मात्र पार गेले. श्रवणयंत्र घेतलंय, पण ते कपाटातच असतं. माझी कंबर अधूनमधून धरते. आणि मुख्य बातमी, जी लिहायला हात कधीचा शिवशिवतोय: बंब चालू झाला!

हो, तोच. अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात एकोणीस वर्षं उभा असलेला. टपावर गवत उगवलं होतं आणि चालकाच्या सीटमध्ये मांजरीची तीन बाळंतपणं झाली होती. केंद्राची नवी इमारत झाली तेव्हा भंगारवाला येऊन माप घेऊन गेला. पण प्रमुखबाई म्हणाल्या, "आधी एकदा वर्कशॉपला विचारू." वर्कशॉप म्हणजे आता मीच, हो म्हणून बसले. घरी आल्यावर पुढचा एक्सल आठवला.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणतोस आणि मुलींच्या परीक्षांवर येतोस. कागदासमोर तुला तसं करता येणार नाही. म्हणून लिहितेय.

इंजिनाचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. पंप तर महिनाभरात पाणी फेकायला लागला. मी सगळं केलं, पुढचा एक्सल तेवढा ठेवून दिला. आज ब्रेक, उद्या वायरिंग, परवा दिवे. बंबवाले काका रोज येऊन स्टुलावर बसायचे. त्या दिवशी बंब तेच चालवत होते; अपघातानंतर त्यांनी गाडी चालवली नाही, केंद्रात फोनवर बसून नोकरी काढली. उजवा गुडघा अजून पुरता वाकत नाही. या महिन्यात ते निवृत्त होणार होते, आणि शेवटच्या दिवशी हाच बंब स्वतः चालवायचा असा त्यांचा हट्ट होता. एक दिवस म्हणाले, "पोरी, भोंगासुद्धा वाजायला लागला. चाकांखाली कधी शिरणार?"

मग शिरले. पुढची बाजू लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर चढवली, चाकं काढली. रॉकेलनं जुनं ग्रीस धुतलं, खरवडून काढलं. स्प्रिंगचे पाटे एक्सलला आवळून धरणारे उजवीकडचे यू-बोल्ट अपघातातच तुटले होते, ती बाजू उघडीच होती. डावीकडचे जसेच्या तसे. ते कापून पाटे वर उचलले आणि एक्सलच्या ज्या बैठकीवर पाटे टेकतात तिथे बॅटरी मारली. काळा रंग. अगदी चकचकीत, दादा. नखानं टोकरला तर पापुद्रा उठला, आणि त्याच्या पाठीला गंजाचा जाड थर चिकटून आला. गंज घासलाच नव्हता. वरून रंग फासला होता. बोल्टांवरही तेच.

काका स्टुलावरून वाकून बघत होते. म्हणाले, "मी इतकी वर्षं म्हणतोय, तुझा दादा असलं काम करणारा नव्हता. कसं काय केलं त्यानं?"

मी म्हटलं, "त्यानं नाही केलं, काका. मी केलं."

तुला माहीत असलेलंच लिहितेय, पण मी ते कधी लिहिलं नाही आणि बोललेही नाही. एक्सल तू मला घासायला दिला होतास. दोन दिवसांचं काम होतं. मैत्रिणीच्या लग्नाला जायचं म्हणून मी ते एका दुपारी उरकलं आणि तुला सांगितलं, झालं. तू माझ्या शब्दावर सही केलीस. आठ महिन्यांनी बंब आगीवर निघाला असताना उतारावरच्या वळणावर रंगाखाली गंजत गेलेले बोल्ट तुटले, एक्सल मागे सरकला आणि गाडी भिंतीत घुसली.

बाबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. मला कामावर घेतानाच त्यांनी बजावलं होतं, एक चूक झाली की पाना खाली ठेवायचा आणि घर गाठायचं. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. "रंग मीच मारला," म्हणालास. बाबांनी तुला वर्कशॉपची पायरी बंद केली. आणि मी? मी तोंड उघडलं नाही. तुझा पानांचा संच वापरला, तुझ्या जागी बसले, लोक मला उस्ताद म्हणायला लागले, तेही ऐकून घेतलं.

काका बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी ते कर. नंतर हा एक्सल असा घास, की मला त्यावर बसून जाताना विचार यायला नको."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितलं. आणि फजिती बघ! बाबांना ऐकूच गेलं नाही. "काय? बस गंजली?" मग पुन्हा, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. शेवटी मी अक्षरशः ओरडले, "बंबाचा गंज मी घासला नव्हता! दादाचा काही दोष नव्हता!" समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण हातात उशीचा अभ्रा घेऊन तशीच थांबली. बाबांनी कप खाली ठेवला, आत गेले, दार लावून घेतलं.

दोन दिवस ते वर्कशॉपकडे फिरकले नाहीत. मी एक्सल घासत होते. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून, कोपऱ्यांत हातानं, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. जिथे गंजानं खड्डे पाडले होते तिथे गंज खाणारं द्रावण दोनदा लावलं, धुतलं, गरम हवेनं वाळवलं. मग भेगा तपासायचा लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी भुकटी मारली. भेग असती तर लाल रेघ उमटली असती. दहा मिनिटं मी आणि काका टक लावून बघत बसलो. एकही रेघ नाही! काकांनी स्टुलावरच टाळी वाजवली. उघडं लोखंड या हवेत संध्याकाळपर्यंत तांबूस होतं, म्हणून त्याच दुपारी प्रायमरचा पहिला हात दिला. बैठकीच्या खाली, बोल्टांच्या भोकांत, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथेसुद्धा. मग दुसरा हात, मग काळा रंग, नवे बोल्ट.

सगळं आवळून झाल्यावर बाबा काठी टेकत दारात उभे. कानात यंत्र! म्हणाले, "डावा पाटा काढ."

"बाबा, आत्ताच लावला."

"काढ."

चार नट सोडले, पाटा उचलला. त्यांनी अंगठा बैठकीवरून हळूहळू फिरवला, काठाकाठानं, बोल्टांच्या भोकांतूनही. मग म्हणाले, "लाव." आणि स्टुलावर बसून, माझ्याकडे न बघता, "तेव्हा मी हे बघायला हवं होतं. गाडी सोडणारा मी होतो. थोरल्याची सही बघितली आणि वाकलोच नाही. वर त्यालाच हाकललं."

दादा, बाबांना मी पहिल्यांदाच डोळे पुसताना पाहिलं.

काल समारंभ झाला. काका गणवेशात, प्रमुखबाई शेजारी, मी मागच्या बाकावर. काकांनी बंब थेट त्याच उतारावर नेला. मी बाकाची कड घट्ट धरली. वळण आलं, त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी रुळावरून जावी तशी अलगद उतरली. खाली पोचल्यावर म्हातारा जो भोंगा वाजवायला लागला तो थांबेचना. दुकानदार बाहेर आले, लोक खिडक्यांतून हात हलवत होते. काका हसत होते आणि रडतही होते.

परत आल्यावर प्रमुखबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी चारच बोलले नाही. सगळ्या केंद्रासमोर, कुणी काय केलं ते नावानिशी सांगितलं. मग काकांनीच टाळ्या सुरू केल्या. प्रमुखबाईंनी अपघाताच्या जुन्या चौकशीचा कागद काढायला लावला, तुझं नाव खोडून दुरुस्ती लिहिली, खाली मी सही केली. नक्कल सोबत पाठवतेय. ती तुझी आहे. मुलींना दाखव.

माफी मागून एकोणीस वर्षं भरून येत नाहीत, हे मला कळतं. तरी मागते. तू रागावलास तरी चालेल. खरं तर थोडा रागाव, इतकी वर्षं तेवढंही केलं नाहीस.

केंद्रानं आता जुना पाण्याचा टँकरही आपल्याकडे पाठवलाय. दोन एक्सल, दोन्ही गंजून लाल. आज सकाळी बाबा त्याला एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हे एकटीचं काम नाही. त्याला लिही. म्हणावं, मी बोलावलंय."

इतकी वर्षं तुझ्या आड उभी राहिलेली,
धाकटी