मुच्चू आणि तेगे

४ जून
...आणि कितीतरी वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी नारळ खवत होते. पाणी भरून झालं होतं, कॉफीचं डिकॉक्शन थेंबथेंब उतरत होतं. हे लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. "नाव सुचव. एक फंक्शन माहितीला कुलूप लावतं, एक उघडतं." मी वैतागून म्हटलं, "मुच्चू आणि तेगे!" कन्नडात झाक आणि काढ. हे हसले — आणि खरंच तीच ठेवली! जगभरातले प्रोग्रामर ह्यांची ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायचे, माझ्या नावांसकट.

६ जून
सहना हिनकलहून आली. ह्यांच्यामागे लायब्ररी तीच सांभाळते. "काकू, ती जुनी दोन फंक्शनं काढूया. ते कुलूप आता तासाभरात फुटतं. नवी पोरं सोपं दिसतं म्हणून तेच उचलतात. सुम्ने, उगाच धोका!"
नियम ह्यांचाच — काही काढायचं तर दोघांची मंजुरी. एक तिची, एक माझी. मी दहावीपर्यंतच, ह्यांची पुस्तकं वाचून कोड वाचायला शिकले. "प्रोग्रामर वाचताना ओळी गाळतात, ही नाही गाळत," हे म्हणायचे.
मी म्हटलं, "वरुणा गावच्या दूध केंद्रात अजून तेच चालतं. त्यांचं बंद पडेल."
"काढणार म्हणून वर्षभर सूचना लावलीय, काकू! अजून किती थांबायचं?"
कॉफी अर्धी ठेवून गेली.

७ जून
नाही दिली मंजुरी.

११ जून
खरं लिहिते. दूध केंद्र हे निमित्त. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बाकी सगळा कोड इतरांनी नव्याने लिहिला. ह्यांच्या हातच्या ओळी तेवढ्या त्या दोन फंक्शनांत. जुन्या आवृत्त्या राहतात म्हणे — पण त्या कोण उघडतं?
तरी त्या केंद्राला विचारायला हवं.

१३ जून
बसने वरुणाला गेले. दूध केंद्राचा कंप्युटर रणोजीराव बघतात. "या वहिनी! दूध घालायला आलात? म्हैस कुठाय?"
मी म्हटलं, "तुमचं जुनं कुलूप बदलायला हवं."
"ते? केव्हाच बदललं की! तुमचे तिरुमलराव स्वतः आले होते, जायच्या आदल्या महिन्यात. ऑटोतून उतरले तर धाप लागलेली. म्हणाले, 'ते जुनं काही राखत नाही आता, टाकून द्या.'" मग मला खुर्ची देत, "घरी सांगू नका म्हणाले. तिला वाईट वाटेल, नावं तिची आहेत."

१४ जून
सकाळी मंजुरी दिली. कारण विचारलं होतं. लिहिलं — कोणी वापरत नाही.