एक्केचाळीसचा साचा

मंगळवार, १२ जून १९८४. संध्याकाळचे सहा चाळीस.

शेडमध्ये शिसं वितळवत होतो. टायरच्या दुकानातून आणलेली चाकांची जुनी वजनं, अर्धी बादली. वरची मळी काढत होतो, तेवढ्यात अंगणात गेलन स्ट्रॅडलीची गाडी थांबली. बंदुकीच्या गोळ्या ओतायचा बाबांचा साचा मी चिंधीखाली सरकवला. तापलेला होता. चिंधीला करपट वास सुटला.

"काय टेरिल, कसली शेगडी पेटवलीस?"

"गळाची वजनं ओततोय."

"बापाचा साचा सापडला का कुठे? एक्केचाळीसचा. तुला आता त्याचा काय उपयोग? बंदूक तर माझ्याकडे आहे."

हसत म्हणाला. सापडला नाही, असं सांगितलं. गेला. मग साचा निवल्यामुळे पुढच्या सगळ्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. परत वितळवल्या.

लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. बाबा फेब्रुवारीत गेले. शेजारणींनी आणलेले मयताच्या जेवणाचे बटाटे अजून फ्रिजमध्ये होते, तेव्हा हा आला. मी कामावर, टायरच्या दुकानात होतो. आईला म्हणाला, "एक्केचाळीस मॅग्नमचं काडतूस कोण विचारतो, वहिनी? चव्वेचाळीस असती तर गोष्ट वेगळी. वर्लची आठवण म्हणून मी घेतो." रिव्हॉल्व्हर, काडतुसं भरायचं यंत्र, सहाशे रिकाम्या पितळी पुंगळ्या — सगळं मिळून ऐंशी डॉलर. पुंगळ्याच तेवढ्याच्या होत्या. आईने वर त्याला ॲपल पायही बांधून दिला. घरी भाजलेला.

आणि हाच माणूस नेमबाजीच्या क्लबात बाबांना काय म्हणायचा? "काय वर्ल, तुझं मधलं पोर कसं आहे? थोरल्याची ताकद नाही, धाकट्याचे लाड नाहीत." मधलं पोर म्हणजे एक्केचाळीसचं काडतूस, थोरलं म्हणजे चव्वेचाळीस. लोक हसायचे. बाबाही हसायचे. आता हाच सगळ्यांना सांगतो, एक्केचाळीस हे जाणकारांचं काडतूस आहे!

मला दोन गोष्टी हव्यात. बंदूक परत. आणि सगळ्या क्लबासमोर ह्याचं उतरलेलं तोंड.

बुधवार, १३ जून

साचा आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवला.

शुक्रवार, १५ जून

आई म्हणाली, "माझ्या डब्यात लोखंड कशाला?" सांगितलं. तिने त्यावर लोकरीचा गुंडा ठेवला आणि डबा बंद केला.

शनिवार, ३० जून

बेन्यात ओयार्झुनचं पत्र आलं. हा नेवाडातला म्हातारा. जन्मभर डोंगरात मेंढ्या राखल्या, आता नेमबाजीच्या सामन्यांत लोखंडाचे मेंढे पाडतो. बाबांशी बारा वर्षं पत्रव्यवहार, भेट तीनदाच. एक्केचाळीसवाले असेच, चार राज्यांत मिळून अकरा जण. दुकानात त्यांना कोणी विचारत नाही. पुंगळ्या मिळाल्या की आपसात वाटून घेतात, कोणाची गोळी कशी लागली ते एकमेकांना पानंच्या पानं लिहितात. बाबा रात्री जेवण झाल्यावर ती पत्रं आम्हाला वाचून दाखवायचे. आई भांडी घासता घासता म्हणायची, "ह्यांच्यापेक्षा तरुण मुलींची प्रेमपत्रं थोडक्यात असतात."

बेन्यात लिहितो: "ऑगस्टच्या सामन्याला येतोय. वर्लची बंदूक पुन्हा बोलताना ऐकायची आहे, मग ती कोणाच्या का हातात असेना. वर्ल नेहमी लिहायचा की मेंढा चारी पाय टेकून उभा असला तरी एक्केचाळीस त्याला पाडेल. मी कधी करून पाहिलं नाही. माझा त्याच्या शब्दावर विश्वास आहे."

कोणाच्या का हातात असेना. हे वाक्य तीनदा वाचलं.

शनिवार, १४ जुलै

क्लबात प्राण्यांच्या आकाराची लोखंडी निशाणं उभी करायचं काम. दर फेरीनंतर पडलेली उचलायची, पांढरा रंग मारायचा, परत उभी करायची. कोंबड्या, डुकरं, टर्की आणि सगळ्यात लांब, दोनशे मीटरवर, मेंढे. मेंढा उचलताना कमरेतून कळ येते.

नियम एकच. पडला तर धरायचा. गोळी लागली, टणकन आवाज झाला आणि मेंढा उभाच राहिला — तर शून्य.

स्ट्रॅडली बाबांची बंदूक घेऊन आला होता. चामड्याचं नवं म्यान, त्यावर स्वतःची अक्षरं कोरून घेतलेली. मनगटाला पट्टा.

"साच्याचं बघ रे. चाळीस डॉलर देतो."

"सापडला नाही, मिस्टर स्ट्रॅडली."

"बापासारखाच चिकट. बरं, विकतच्या गोळ्या हलक्या आहेत, पण चालतंय माझं. दारूही जरा हात राखून भरतो. मनगट धरतं. मेंढे पडतायत ना, मग झालं."

पडतायत खरेच. आज दहापैकी नऊ.

उभा राहिलेला दहावा मेंढा रंगवून ठेवताना माझ्या हातून पट्टीवर जरा पुढे सरकला होता. आमच्याकडे रीत अशी की मेंढ्याचे पाय लोखंडी पट्टीच्या मागच्या कडेला आणायचे, खुरं बोटभर बाहेर. धक्का लागला की मागे कलंडतो. हा मधोमध उभा राहिला होता, पाय पूर्ण टेकून. ढकलून पाहिला. खांदा लावावा लागला.

नेमबाजांच्या जागेवरून दोनशे मीटर चालत येऊन खुरं बघायला कोण येतंय?

रविवार, १५ जुलै

झोप नाही. चर्चमध्ये पुढच्याच बाकावर स्ट्रॅडलीची मान. सगळा वेळ ती मान बघत होतो.

गुरुवार, २ ऑगस्ट

सामन्याच्या दिवशी तिसऱ्या रांगेचे मेंढे मी लावणार. मागून घेतलं. ड्युएन, जो कामं वाटतो, म्हणाला, "तिसरी? तिथे तर सगळ्यात जास्त ऊन." म्हटलं, मला ऊन चालतं. शेवटच्या फेरीत स्ट्रॅडली तिसऱ्या रांगेवर आहे.

बाबांनी हे करू दिलं नसतं, हे मला माहीत आहे. बाबांनी आईला ऐंशी डॉलरला फसवूही दिलं नसतं.

शनिवार, १८ ऑगस्ट

केलं.

सविस्तर लिहितो. पोकाटेलोपासून ट्विन फॉल्सपर्यंतची माणसं आली होती. बेन्यात पहाटेच पोचला. गाडीच्या मागच्या फळीवर बसून चाकूने सॉसेजचे काप करत होता. मला एक दिला. "हात वर्लचे आहेत तुझे," म्हणाला. मी हात खिशात घातले.

शेवटच्या फेरीपर्यंत स्ट्रॅडली पहिला होता. त्याच्यामागे ट्विन फॉल्सचा एक चव्वेचाळीसवाला, दोनने मागे. राहिले पाच मेंढे. मी पाचही मेंढे पट्टीच्या मधोमध लावले, पाय पूर्ण टेकवून. लांबून काही फरक दिसत नाही. मग धावत जाऊन मातीच्या भिंतीमागच्या खड्ड्यात बसलो. तिथून बघता येत नाही, फक्त ऐकू येतं.

पहिली गोळी. टण्ण — आणि मागोमाग पडल्याचा धप्प आवाज. दुसरी. टण्ण. पुढे काही नाही. तिसरी, टण्ण, काही नाही. चौथा पडला. पाचवी. टण्ण.

तीन उभे. भोंग्यावरून ड्युएनचा आवाज आला, "मंडळी, एक्केचाळीसची घंटा काय छान वाजते!"

हशा. दोनशे मीटरवरून सगळा क्लब हसताना ऐकला. मी हातमोजा दातांत धरला, म्हणजे माझं हसणं कोणाला ऐकू जाणार नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

दुसऱ्या रांगेवर चव्वेचाळीसवाल्याचे पाचही पडले, स्ट्रॅडली एका निशाणाने हरला. वर आलो तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा. जो तो पाठीवर थाप मारून जात होता, "मधल्या पोराने दगा दिला का, गेलन?" मी समोर उभा राहून पोटभर बघितलं.

मग बेन्यातकडे गेलो. त्याच्या गाडीजवळ ट्विन फॉल्सचा बंदुका विकणारा उभा होता. फळीवर बेन्यातच्या दोन्ही एक्केचाळीस, फडक्यावर मांडलेल्या. माणूस नोटा मोजत होता.

"हे काय?"

"मी म्हातारा झालो, पोरा. तुझ्या बापाने बारा वर्षं लिहिलं, मी बारा वर्षं मानलं. आज डोळ्यांनी पाहिलं. मधोमध लागलेल्या गोळ्या होत्या, दुर्बिणीतून बघत होतो." चाकू पुसून घडी केला. "वर्ल चांगला माणूस होता. काडतूस चुकलं त्याचं. होतं असं. इतरांनाही कळवतो, उगाच पैसे घालू नका म्हणून."

मी तिथे उभा. हाताला पांढरा रंग. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरे होतं.

उघडलं नाही.

सोमवार, २० ऑगस्ट

कामावर चाकाची एक ढिबरी आवळायची विसरलो. असं कधी झालेलं नाही. गिऱ्हाईक फाटकातून बाहेर पडायच्या आत पळत जाऊन थांबवलं.

मंगळवार, २१ ऑगस्ट

स्ट्रॅडलीच्या दुकानात खिळे आणायला गेलो. खिळे लागत नव्हते. त्याने गल्ल्याखालून बंदूक काढून काउंटरवर आपटली.

"हवं का तुझ्या बापाचं खेळणं? दीडशे. पुंगळ्या, यंत्र, सगळं ने. डोळ्यांसमोर नको मला."

"ऐंशीला घेतली होतीत."

"मग नको घेऊस."

मालकाकडून उचल घेतली. बंदूक घरी जेवणाच्या टेबलावर ठेवली. म्यान त्याच्याच अक्षरांचं. आईने बंदुकीवर भांडी पुसायचं फडकं टाकलं.

"आता झोप येईल तुला?"

"हो."

"मग जेव."

दोन्ही गोष्टी मिळाल्या. जेवलो. झोप आली नाही.

शनिवार, २५ ऑगस्ट. सकाळचे सात.

मैदानावर कोणी नव्हतं. बाबांच्या साच्यातल्या गोळ्या, जड. बाबा भरायचे तशाच भरलेल्या, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठीप्रमाणे. हात राखलेला नाही.

तिसरी रांग. पाच मेंढे, पट्टीच्या मधोमध, चारी पाय टेकलेले. त्या दिवशी लावले तसेच. खांदा लावून खात्री केली. मग दोनशे मीटर मागे आलो, बाबांसारखा पाठीवर आडवा झालो, गुडघ्याला हात टेकवला.

पाच गोळ्या. पाचही पडले. शेवटचा तर मागे जाऊन उलटा झाला.

बाबा बरोबर होते. अक्षरशः, शब्दाला शब्द. स्ट्रॅडलीने हलक्या गोळ्या, कमी दारू भरून मारल्या, त्या रीतीप्रमाणे कडेला उभ्या मेंढ्यांना पुरत होत्या, माझ्या मेंढ्यांना पुरल्या नाहीत. साचा दिला असता तर माझेही मेंढे त्याने पाडले असते.

बघायला होतं कोण? दोन मॅगपाय पक्षी. बाकी अकरातले दहा जण आता म्हणत असतील, वर्ल चुकला.

सांगायचं तर हेही सांगावं लागेल, की मेंढे उभे कसे होते. आणि कोणी केले होते.

रविवार, २६ ऑगस्ट

बंदूक, पुंगळ्या, यंत्र — १५० डॉलर. पैकी माझे ५०.
देणं — मालकाचे १००, दर शुक्रवारी दहा.
पांढरा रंग, पाच मेंढ्यांपुरता, क्लबाचा वापरला — ७५ सेंट ड्युएनला द्यायचे.
पोस्टाचं तिकीट — २० सेंट.

पत्र शब्दकोश घेऊन लिहिलं, एकही चूक नाही. दोन प्रती. एक बेन्यातला, इतरांना दाखवा म्हणून. दुसरी आज क्लबाच्या फळ्यावर लावली, खाली पूर्ण नाव. टाचण्या घरच्याच होत्या.

चषक आता स्ट्रॅडलीला मिळेल. तो मैदानावर माझं तोंड उतरलेलं बघेल, पोटभर. मिळू दे. बघू दे.

साचा शिवणाच्या डब्यातच राहील.