साडूंचा कॉम्प्युटर बंद पडत नाही

२ फेब्रुवारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या क्लिनिकचं इंटिरियर मलाच मिळणार, यात शंका नाही. शनिवारी त्या घरी येऊन स्क्रीनवर थ्रीडीमध्ये बघणार आहेत. मॉडेल तयार आहे. फक्त ते फिरवलं की स्क्रीन काळा होतो, आतला पंखा घोंघावतो आणि कॉम्प्युटर बंद. हिला म्हटलं, ग्राफिक्स कार्डाची किरकोळ कुरकुर आहे, तासाभराचं काम. ही म्हणाली, "भाऊजींना बोलावू का?"

भाऊजी म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, माझे साडू. नोकरी विमा कंपनीत, कॉम्प्युटर नुसती हौस. हौशी माणसाला बोलावणार नाही.

३ फेब्रुवारी
कार्डाचा ड्रायव्हर बदलला. नवा टाकला, बंद पडला. जुना टाकला, बंद पडला. मधला टाकला, तर अक्षरं एवढी मोठी झाली की स्क्रीनवर फक्त 'रद्द करा' मावतंय. प्रगती आहे. बंद पडायला आता जास्त वेळ लागतो, कारण मॉडेल उघडायलाच जास्त वेळ लागतो.

ही फोनवर ताईंशी बोलत होती. साडूंचा कॉम्प्युटर म्हणे घेतल्यापासून एकदाही बंद पडलेला नाही. वापरत नसतील.

४ फेब्रुवारी, दुपार
संकल्प: साडूंचा विचार करायचा नाही.

तसा माणूस वाईट नाही. पण त्यांच्या घरी नळ गळत नाही, दार करकरत नाही, बायको मध्येच बोलणं तोडत नाही. हे नॉर्मल नव्हे.

५ फेब्रुवारी
कार्ड बाहेर काढलं. धूळ फुंकली, ती डोळ्यात गेली. कार्ड परत बसवलं. आता कॉम्प्युटर बंद पडत नाही. चालूच होत नाही. एका अर्थी प्रश्न सुटला.

ही म्हणाली, "डॉक्टरांना काय दाखवणार, स्क्रू?" एक उरलाय खरा.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
साडू आले. म्हणाले, "सहज आलो." टूलकिट घेऊन सहज कोण येतं? फोन हिचाच. शिवाय त्यांच्यासाठी पाहुण्यांचे कप काढले. लग्न झाल्यापासून मी त्या कपातून चहा प्यायलेलो नाही.

कार्डाला वीज देणारी वायर मी लावायला विसरलो होतो. त्यांनी लावली, कॉम्प्युटर चालू झाला. मूळ दुखणं वेगळंच निघालं. कॉम्प्युटर नजरेस पडू नये म्हणून मी त्याच्यासाठी खास बंद कपाट डिझाइन केलंय. साडू म्हणाले, "कार्ड तापतंय हो. गुदमरतंय बिचारं." कपाटाची मागची फळी काढली, पंखा साफ केला. मॉडेल न अडखळता गरागरा फिरलं. ही म्हणाली, "बघा!" पण बघत होती त्यांच्याकडे.

मी म्हणालो, मला तीच शंका होती. साडू म्हणाले, "हो, तुम्ही जवळ पोचलाच होतात." माणसानं इतकं चांगलं वागू नये.

जाताना मॉडेलकडे बघत म्हणाले, "एक विचारू का? ही पेशंटची खुर्ची..." मी म्हटलं, कार्ड तुमचं क्षेत्र, डिझाइन माझं. गप्प बसले. बरं वाटलं. आठवड्यातलं पहिलंच बरं.

७ फेब्रुवारी, शनिवार
डॉक्टरीणबाई आल्या. चित्र इतकं स्वच्छ की टाइल्स मोजता याव्यात. त्या म्हणाल्या, "खुर्ची आडवी करून दाखवा." केली. पेशंटचं डोकं भिंतीत गेलं. खुर्ची उलटी फिरवली. पाय दाराबाहेर, वेटिंग रूममध्ये. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि मी कुठे उभी राहू?"

मनातल्या मनात कॉम्प्युटरला म्हटलं, पड रे बाबा, बंद पड. नाही पडला.

१० फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचा फोन. काम दुसरीकडे दिलं. फार गोड बोलल्या.

ही अजिबात चिडली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "भाऊजींना ते त्या दिवशीच दिसलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत."

११ फेब्रुवारी
कॉम्प्युटर सकाळपासून चालू आहे. रिकामं क्लिनिक गोल गोल फिरवतोय. भिंत सरकवावी की दार, कळत नाही. साडूंना विचारावंसं वाटतंय.

पण हा बंदच पडत नाही. काय सांगून बोलावू?