जीव घाबरते

मंगळवार, संध्याकाळ. आर्वी

जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांत दुखण्यांची एकच यादी असावी, म्हणून गेल्या उन्हाळ्यात इथली नर्स म्हणून मीच गावातल्या बायकांना बसवून त्यांचे शब्द लिहून घेतले. पार्बताबाईने तेव्हा बजावलं होतं, "जीव घाबरते म्हंजे भेव नाई वाटत, बाई. छाती धडधडते, दम पुरत नाई. अलग लिवजो." मी अलग लिहिलं, खाली रेघ मारून वर पाठवलं.

आज पक्की यादी कॉम्प्युटरवर आली. जीव घाबरणे म्हणजे भीती. आमचं कोणी वाचलं तरी का? की कागदावर नुसत्या बायकांच्या सह्याच हव्या होत्या?

आणि नेमकी आजच पार्बताबाई आली, घामाने भिजलेली. "जीव घाबरून राह्यला." रुग्ण म्हणेल तेच टाकायचा नियम, म्हणून मी तेच टाइप केलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायच्या चिठ्ठीवर छापून आलं, भीती. शेजारी पेनाने छातीचं लिहिलं खरं. पण तिकडे चिठ्ठी कोण वाचतं, स्क्रीन बघतात. अलग लिवजो म्हणाली होती.

गाडीत बसताना तिने विचारलं, "माहा शब्द हाय न यादीत?"

आहे, म्हणाले. खोटंही नव्हतं ते.